कवितेचा आवाज आणि शाळेतील यंत्र

शिक्षकाच्या गुणांची नोंद ठेवण्याचा आपल्या शिक्षणखात्याचा जो शिरस्ता आहे, त्यात काव्यवाचनाची आवड सांस्कृतिक कार्यक्रमांच्या सदरात जाते आणि मोबाईल, प्रोजेक्टर, संगणक हाताळण्याचे कसब 'तंत्रस्नेही शिक्षक' या सदरात जाते. पहिल्या गुणाचे स्मरण स्नेहसंमेलन जवळ आले म्हणजे होते आणि दुसऱ्याचे स्मरण ऑनलाइन माहिती भरण्याची मुदत संपत आली म्हणजे होते. या दोन्ही आवडी एकाच शिक्षकाच्या ठिकाणी असल्या, तर त्याच्या अंगी दोन निरनिराळे छंद आहेत असे समजण्याची आपल्याला सवय जडलेली आहे. वस्तुतः उभे राहून, श्वास सांभाळून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून कविता म्हणणारा शिक्षक आणि आवाज टिपणारे, साठवणारे व दूरवर पोचवणारे यंत्र वर्गात आणणारा शिक्षक हे एकाच कार्याचे दोन हात आहेत. आणि जोवर हे दोन हात एकमेकांपासून अलग ठेवले जातील, तोवर शाळेतले यंत्र मुलाला केवळ श्रोता करील व शाळेतली कविता परीक्षेतल्या रिकाम्या जागेपुरती उरेल, असे माझे निश्चित मत आहे.

हे मत चिकलठाण्यात राहून बनलेले आहे. सुखना नदीकाठचे हे जुने गाव आज छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या हद्दीत आहे. एका अंगाला विमानतळ, एका अंगाला औद्योगिक वसाहत, मधून अहोरात्र वाहणारा जालना रस्ता. कारखान्यांच्या आश्रयाने येथे जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतील कुटुंबे आली, उत्तर प्रदेश-बिहारातून आली, आणि त्यांची मुले एकाच बाकावर बसली. अशा वर्गात मराठवाड्याच्या खेड्यातली ठसठशीत बोली असते, दखनीच्या वळणाची उर्दू असते, तांड्यावरची गोरबोली असते, भोजपुरीची छटा असलेली हिंदी असते. आणि या सर्वांच्या समोर पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी ही एखाद्या परक्या इलाख्यातून आलेल्या अंमलदारासारखी उभी असते. पुस्तकातला गद्य धडा मुलावर या भाषेचे दडपण आणतो, कारण तेथे चुकण्याची भीती वाक्यावाक्याला असते. कविता मोठ्याने म्हणताना मात्र लय त्याला हाताशी धरून पुढे नेते, आणि ज्या शब्दाचा अर्थ अद्याप कळलेला नाही तोही जिभेवर रुळतो. भाषा परकी वाटणाऱ्या मुलाला ती आपली वाटू लागण्याचा हा सर्वांत जवळचा मार्ग आहे, आणि तो मार्ग कानातून व कंठातून जातो.

मराठवाड्याच्या भूमीला तर ही गोष्ट नव्याने सांगण्याचे कारणच नाही. येथून पन्नासेक किलोमीटरवरील पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली, ती वासुदेव, जोशी, गोंधळी अशा सोंगांतून चौकात उभी राहून म्हणण्यासाठी आणि करून दाखवण्यासाठी रचली. त्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या जमवून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. चौकातल्या भारुडासाठी शब्द रचणारा आणि हस्तलिखितांचे पाठभेद तपासून ग्रंथ निश्चित करणारा पुरुष एकच होता, ही घटना आजच्या प्रत्येक भाषाशिक्षकाने मनन करावी अशी आहे. उच्चाराचे प्रेम आणि जतनाची साधने या दोहोंत वैर आहे, असे त्या महापुरुषाला कधी वाटले नाही. शहराचा दुसरा वारसा मुशायऱ्याचा. वली आणि सिराज हे औरंगाबादचे दोन कवी दखनी-उर्दू काव्याच्या इतिहासात अग्रभागी आहेत, आणि विसाव्या शतकात बशर नवाज यांच्यापर्यंत ती परंपरा या शहरात सजीव होती. मुशायऱ्यात श्रोता मुका राहत नाही. तो 'इर्शाद' म्हणून कवीला आमंत्रण देतो, 'मुकर्रर' म्हणून आवडलेला शेर पुन्हा मागतो, आणि अशा रीतीने कविता म्हणणारा व ऐकणारा मिळून ती पुरी करतात. ऐकणे हेही एक शिकण्याजोगे कसब आहे, हा धडा या शहरातल्या मुलांना घराच्या उंबरठ्यावर मिळू शकतो. तिसरा वारसा नागसेनवनाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय स्थापन केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले; त्याचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. त्याच परिसरात अध्यापन केलेले गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवले व त्याच्या मेळाव्यांतून कितीएक तरुणांनी आपली पहिली कविता लोकांसमोर उभे राहून म्हटली. ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके बोलण्याचीच मुभा नव्हती, त्यांच्या दृष्टीने सभेसमोर उभे राहून स्वतःच्या शब्दांत बोलणे हा शिक्षणाचा गाभा होता. त्याला करमणुकीचे कलम समजणे हा इतिहासावर अन्याय आहे.

शिक्षकाने कवी असणे आणि आपल्या काळातले नवे साधन हाती घेणे, ही जोडही महाराष्ट्रात जुनी आहे. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली छापून निघाला तेव्हा मुद्रण हेच मराठी समाजाचे नवे यंत्र होते. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पवाडा प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी विद्याखात्यातील पंतोजींवरही पवाडा रचला. शिक्षणव्यवस्थेची टीका अहवालात मांडण्याऐवजी डफावर म्हणता येईल अशा छंदात मांडण्यामागे त्यांची दूरदृष्टी होती, कारण ज्या लोकांसाठी ती टीका होती त्यांना अहवाल वाचता येत नव्हता. पुढे रविकिरण मंडळाने काव्यगायनाला घरोघर नेले, आणि त्या मंडळातले गिरीश हे पेशाने शिक्षक होते. आचार्य अत्रे हे शाळामास्तर आणि विडंबनकार. त्यांनी वाचनमालाही सिद्ध केल्या. विंदा करंदीकर आणि वसंत बापट हे प्राध्यापक, आणि मंगेश पाडगावकरांसह या दोघांनी गावोगाव जाऊन कविता म्हटल्या, तेव्हा मराठी माणसाला छापील कवितेच्या पलीकडची कविता ऐकू आली. नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक होते; १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. आमच्याच शहरात मराठीचे अध्यापन करीत फ. मुं. शिंदे यांनी, आणि परभणीत इंद्रजित भालेराव यांनी, आपल्या कविता व्यासपीठावरून सहस्रावधी श्रोत्यांपर्यंत पोचवल्या. ही नावे मी अभिमानाने घेतो, परंतु त्यांच्यामागे ज्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत असे प्राथमिक शाळांतले असंख्य गुरुजी आणि बाई उभ्या आहेत, ज्यांच्या परिपाठातल्या कविता विद्यार्थ्यांना साठाव्या वर्षीही तोंडपाठ असतात.

आता अलीकडचा दाखला घेऊ. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचे 'ग्लोबल टीचर' पारितोषिक जाहीर झाले, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांतही स्वीकारली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कोडमागे काय ठेवले होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यात गोष्टी होत्या, स्वाध्याय होते, पाठाच्या चित्रफिती होत्या, आणि ध्वनिमुद्रित कविता होत्या. शिवाय घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तक मुलांच्या भाषेत आणले. म्हणजे जगाने ज्या शिक्षकाचा गौरव तंत्रज्ञ म्हणून केला, त्याच्या कामाच्या मुळाशी कानाची आणि मातृभाषेची जाण होती. चौकोनी ठिपक्यांचे ते चित्र कागदावर छापणे सोपे होते; त्याच्यामागे कोणाचा आवाज ठेवायचा हा प्रश्न अवघड होता, आणि तो सोडवायला शिक्षकच पाहिजे होता.

याच प्रश्नाशी आज आपण अडखळलो आहोत. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली, तिने मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम घडवले, आणि २०१७ साली ती बंद करण्यात आली. त्याच २०१७ मध्ये 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ आले. २०२०च्या टाळेबंदीत 'शाळा बंद पण शिक्षण आहे' असे म्हणत मोबाईलवर अभ्यास पाठवला गेला. या सगळ्या उद्योगात श्रम होते, सद्भावना होती, आणि पुष्कळ मुलांना त्याचा लाभही झाला, हे मी मान्य करतो. तथापि या प्रत्येक टप्प्यावर यंत्र बोलत राहिले आणि मूल ऐकत राहिले. कविता लावली की एक सुस्वर, घासलेला, प्रमाण उच्चारांचा आवाज पार्श्वसंगीतासह वर्गात भरतो. मुले शांत बसतात. शिक्षकाला वाटते तासिका छान झाली. पण त्या सुबक आवाजापुढे चिकलठाण्याच्या मुलाला स्वतःचा आवाज ओबडधोबड वाटू लागतो, आणि मग तो तोंड उघडीत नाही. हे नुकसान कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठरवले. ज्या राज्यात पुष्कळ मुले अडखळत वाचतात, तेथे असे उद्दिष्ट असणे आवश्यक आहे, आणि त्याच्या विरुद्ध मला काही म्हणायचे नाही. परंतु मोजता येते तेच महत्त्वाचे ठरते, असा कारभाराचा स्वभाव असतो. मुलाचे वाचन ऐकून त्याला दाद देणारी अ‍ॅप्सही आता आहेत. गूगलने २०१९ मध्ये 'बोलो' या नावाने असे अ‍ॅप भारतात आणले आणि पुढे ते मराठीतही आले. यंत्राला शब्द मोजता येतात, गती मोजता येते, चुकलेला उच्चार पकडता येतो. कविता म्हणताना मात्र शब्दांइतकाच अर्थ शब्दांमधल्या जागेत असतो. कोठे थांबावे, कोठे स्वर खाली घ्यावा, कोणता शब्द हळूच टाकावा, हे ज्याला कळले त्याला कविता कळली. घड्याळाच्या हिशेबात हा विराम म्हणजे वाया गेलेला काळ आहे. म्हणून वाचनाच्या गतीची मोजदाद जितकी वाढेल, तितकी वर्गात संथपणे कविता म्हणण्याची तजवीज अधिक काळजीने केली पाहिजे. एरवी आपली मुले भराभर वाचतील आणि त्यांना काहीच ऐकू येणार नाही.

मग करावे काय? माझे म्हणणे थोडक्यात असे की, कवितेच्या तासाला यंत्राने मुलाला ऐकवण्यापेक्षा मुलाचे ऐकावे. ज्या मोबाईलवर कविता लावली जाते, त्याच मोबाईलवर ती टिपून घेता येते, आणि त्यासाठी नवी खरेदी लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. शिक्षकाने आधी स्वतः कविता म्हणावी, पुस्तक बाजूला ठेवून, वर्गासमोर उभे राहून. हे काम ध्वनिफितीवर सोपवू नये, कारण मुलाला ओळखीच्या माणसाच्या तोंडून कविता ऐकायची असते. मग मुलांनी चौघापाचांच्या गटांत ती म्हणून पाहावी आणि एकमेकांचे म्हणणे टिपावे. आपलाच आवाज बाहेरून ऐकणे हा मुलाच्या आयुष्यातला विलक्षण अनुभव असतो. प्रथम तो लाजतो, हसतो, मग एकदम गंभीर होऊन म्हणतो की येथे मी घाई केली, येथे शेवटचा शब्द गिळला. जी चूक शिक्षकाने दहादा सांगून सुधारत नाही, ती त्याच्या कानाला एकदाच कळते आणि सुधारते. येथे यंत्र आरशाचे काम करते, आणि त्यापलीकडे त्याला काही अधिकार देण्याची गरज नाही. अक्षरगणवृत्तातली कविता आणि मुक्तछंदातली कविता यांतला फरक व्याख्येने शिकवता येत नाही. दोन्ही म्हणून, टिपून, पुन्हा ऐकल्या म्हणजे पाचवीतले मूलही सांगते की पहिलीत पावले मोजलेली आहेत आणि दुसरीत श्वास आपला आपल्याला शोधावा लागतो. बोलीचा प्रश्नही येथेच सुटू लागतो. एक मूल प्रमाण उच्चारांनी म्हणते, दुसरे आपल्या गावच्या हेलाने म्हणते, आणि दोन्ही फिती शेजारीशेजारी ऐकल्यावर वर्गाला उमगते की कवितेला दोन्ही आवाज शोभतात.

याहून मोठी शक्यता घराशी जोडलेली आहे. या मुलांच्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत मोठ्या झाल्या. गाय पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात पुण्याहून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या कितीएकांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आज संगणकावर कोणालाही ऐकता येतात. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. पण ज्या यंत्रयुगाने ते थांबवले, त्याच युगाच्या साधनाने त्या स्त्रियांचा सूर राखला. बहिणाबाई चौधरींचे शब्द मुलाच्या लेखणीमुळे आपल्याला मिळाले, १९५२ साली छापले गेले. त्यांचा स्वर मात्र कोणतीही वही धरून ठेवू शकत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या सातवीच्या मुलीने आजीच्या चार ओव्या मोबाईलवर टिपून आणल्या, कोणत्या प्रसंगी त्या म्हटल्या जात ते विचारून लिहिले, आणि परत आल्यावर वर्गाला ऐकवल्या, तर भाषा, इतिहास आणि तंत्रज्ञान या तिन्हींचा तो एकत्र अभ्यास होईल. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून 'स्त्री जीवन' सिद्ध केले तेव्हा त्यांच्याजवळ वही आणि लेखणी होती. आजच्या शिक्षकाच्या खिशात त्याहून समर्थ साधन आहे.

येथे काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. एका वर्गात पन्नास-साठ मुले असताना हे जमायचे कसे, असे विचारले जाईल. गटांनी काम केल्यास आणि पंधरवड्यातली एकच तासिका त्यासाठी राखून ठेवल्यास ते जमते. मुलांचा पडद्यासमोरचा वेळ वाढेल, ही पालकांची चिंता मला खरी वाटते. परंतु आवाज टिपण्यासाठी पडद्याकडे पाहावे लागत नाही, आणि हा या पद्धतीचा मोठाच गुण आहे. सर्वांत महत्त्वाचा आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा आहे, आणि त्याबाबत कसलीही हयगय क्षम्य नाही. मुलाचा आवाज ही त्याची स्वतःची वस्तू आहे. पालकांच्या लेखी संमतीवाचून तो शाळेबाहेर जाता कामा नये. शिक्षकाच्या वा शाळेच्या प्रसिद्धीसाठी समाजमाध्यमांवर टाकता कामा नये. वर्ष संपले की मूळ फिती पालकांना देऊन शाळेने आपल्याकडच्या पुसून टाकाव्यात. उपक्रमाचा पुरावा म्हणून चित्रफिती मागवण्याची वरिष्ठांची जी पद्धत पडली आहे, ती या कामी तरी बंद व्हावी.

आणि याची स्पर्धा करू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. शिकागो शहरात मार्क स्मिथ या बांधकाम-कामगाराने १९८६ साली 'ग्रीन मिल' या जागी काव्यसादरीकरणाच्या ज्या स्पर्धा रुजवल्या, त्यात श्रोत्यांतूनच परीक्षक निवडून गुण दिले जातात, आणि त्या पद्धतीने जगभर तरुणांना कवितेकडे खेचले हे खरे आहे. पण ती प्रौढांची, स्वेच्छेने आलेल्यांची सभा आहे. शाळेत गुण आले की मोठ्या आवाजाची, हातवारे करणारी, पालकांनी घोटून घेतलेली मुले पुढे येतात. हळू आवाजाचे, अडखळणारे मूल, ज्याला कवितेची सर्वांत अधिक गरज आहे, ते मागच्या बाकावर जाते. आपल्याकडे मुशायऱ्याची पद्धत असताना गुणांची पद्धत घेण्याचे प्रयोजन नाही. वर्गाने 'मुकर्रर' म्हणावे, आणि मुलाने पुन्हा म्हणावे. याहून वेगळे पारितोषिक त्याला नको.

शासनाकडे मागणे थोडेच आहे. इंग्लंडात अँड्र्यू मोशन यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये कवींच्या स्वतःच्या आवाजातील कवितांचे संग्रहालय शाळांसाठी खुले झाले. टेनिसनचा आवाज तर १८९० साली मेणाच्या नळकांड्यावर टिपलेला अद्याप ऐकता येतो. मराठीचा असा एकत्र संग्रह व्हावा, यासाठी आकाशवाणी, दूरदर्शन आणि साहित्यसंस्था यांच्या दप्तरी असलेले कवींचे ध्वनिमुद्रण 'बालभारती'ने मिळवावे, आणि पाठ्यपुस्तकातल्या कवितेखालच्या कोडमागे शक्य तेथे कवीचाच आवाज ठेवावा. नाट्यपूर्ण वाचन ऐकवायचेच असेल, तर ते कोकणच्या, वऱ्हाडच्या, खानदेशच्या आणि मराठवाड्याच्या शिक्षकांकडून त्यांच्या त्यांच्या हेलात करून घ्यावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांना अ‍ॅपचे प्रशिक्षण देताना त्यातला अर्धा तास एकमेकांसमोर कविता म्हणण्याला द्यावा. ज्याने स्वतः कधी सभेसमोर उभे राहून शब्द सांभाळले नाहीत, त्याला मुलाच्या थरथरत्या आवाजाची किंमत कळणे कठीण आहे. आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगावयाचे आहे की, या सर्वांची मंजुरी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. उद्याच्या परिपाठात प्रार्थनेनंतर दोन मिनिटे राखून ठेवा, एका मुलाला त्याच्या घरच्या बोलीतली कविता किंवा ओवी म्हणू द्या, ती टिपून घ्या, आणि दुपारच्या सुट्टीनंतर त्यालाच ती ऐकवा.